‘डिझेल इंजिन मरत नाही’ म्हणून जुनी लक्झरी सेडान घेणाऱ्यांसाठी

काजळी:
काल या गाड्यांच्या फोरमवर ‘सहासिलिंडर’ यांनी लिहिलं, की नव्या छोट्या गाडीच्या पैशात आठ-दहा वर्षांची डिझेल लक्झरी सेडान येते, डिझेल इंजिन काही मरत नाही, आणि जो घेत नाही तो भित्रा. खाली सगळ्यांचं ‘अगदी खरं’, ‘हजारदा सहमत’. मला राहवलं नाही, कारण नेमकं हेच वाक्य ऐकून मी चार वर्षांपूर्वी तशी गाडी घेतली होती.

डिझेलचा हा लौकिक खोटा नाही, पण तो कमावला दुसऱ्याच गाड्यांनी. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी आली, तिचं इंजिन ४५ अश्वशक्तीचं. पुढे त्यांचीच डब्ल्यू १२३ आली, जी टॅक्सी म्हणून जगभर लाखो किलोमीटर धावली. साधा यांत्रिक पंप, संगणक नाही, धूर गाळणारं काही नाही. आजची सेडान ती नव्हे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल आलं, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेलमधून) प्रचंड दाबाने डिझेल. तेव्हा रेलमधला दाब १३५० बारच्या आसपास होता, आता २००० च्या पुढे गेलाय. वर टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात वळवणारा व्हॉल्व्ह), पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा डबा), धुरातले विषारी वायू कमी करायला युरियाची टाकी. ब्लॉक आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा, हे खरंच मरत नाहीत. त्यांच्या अवतीभवती जे लटकवलंय ते मरतं, आणि एकामागोमाग एक मरतं.

माझं ऑफिस घरापासून सहा किलोमीटर. फिल्टरमधली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि त्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल सोडलं जातं. ते चालू असताना मी रोज ऑफिसच्या दारात गाडी बंद करत होतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात उतरत होतं. एका रविवारी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली तर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. आधी बरं वाटलं, गाडी तेल खात नाही. मग पट्टी नाकाशी नेली. डिझेलचा वास. दोन बोटांत घासून पाहिलं तर तेलाला अंगच नाही, पाण्यासारखं पातळ. तीन महिन्यांत टर्बो गेला.

सर्व्हिस बुक पूर्ण होतं, मालक सज्जन होता, किलोमीटर खरे होते. चूक एकच: माझं रोजचं चालवणं या गाडीच्या जातीचं नव्हतं, आणि हे मला कुणी विचारलं नाही.

लांबपल्ला:
म्हणजे तुम्ही बैल विहिरीत उतरवला आणि दोष बैलाला! माझं रोजचं जाणं-येणं १४० किलोमीटर, सगळं हायवेवर. गाडी दोन लाख किलोमीटरवर घेतली, आज तीन लाख दहा हजार झालेत. एवढ्या काळात दोन इंजेक्टर, एक वॉटर पंप आणि मागचे दोन एअर सस्पेन्शनचे (स्प्रिंगऐवजी गाडी तोलणारे हवेचे) फुगे. फिल्टरची लाइट एकदाही लागलेली नाही. भरल्या गाडीत रात्री चढ चढताना तिचा टॉर्क (ओढायची ताकद) काय असतो, हे छोट्या पेट्रोलवाल्याला सांगून कळणार नाही. ज्याला रोज लांब जायचंय त्याने तुमचं वाचून घाबरून हात मागे घेतला तर त्याचं नुकसान.

काजळी:
मी ‘कुणीच घेऊ नका’ लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा.

पानापक्कड:
वीस वर्षं याच गाड्यांखाली पडून आहे, म्हणून बोलतो. दोघांचंही खरं आहे, पण दोघांनीही गिअरबॉक्सचं नाव काढलं नाही. ‘आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही’ हे वाक्य ज्या कुणी छापलं त्याने किती गिअरबॉक्स मारले असतील! कोणाचं आयुष्य, गाडीचं की वॉरंटीचं? झेडएफ स्वतः हे गिअरबॉक्स बनवते, आणि तीच सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. तरी गिऱ्हाईक मला छापील पुस्तक दाखवतं.

घ्यायचीच असेल तर गाडी थंड असताना बघा. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवा. गरम असेल तर मालकाने तुमच्या आधी चालू करून काहीतरी लपवलंय असं धरून चाला. एअर सस्पेन्शन असेल तर सकाळी बघा, रात्रभरात एखादा कोपरा खाली बसला असेल तर लगेच दिसतो. आणि इंजेक्टरच्या रिटर्नची, म्हणजे त्यातून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची, टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरला नळी लावून एकेक बाटली जोडतात, इंजिन काही मिनिटं चालवतात. सगळ्या बाटल्या सारख्या भरल्या तर ठीक. एक दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. कुठल्याही गोड बोलण्यापेक्षा त्या बाटल्यांवर विश्वास ठेवा.

सुसाट:
एवढा काथ्याकूट कशाला? फिल्टर कापून आतलं सगळं काढायचं, ईजीआरला पत्रा मारायचा, इंजिनाच्या संगणकात नवा मॅप (प्रोग्रॅम) टाकायचा. मी केलं. दोन वर्षं झाली, एक लाइट नाही. पिकअप वाढला, अ‍ॅव्हरेज वाढलं. काजळीसाहेबांनी पहिल्याच महिन्यात हे केलं असतं तर टर्बो वाचला असता.

तळमजला:
मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही, पण हे वाचून गप्प बसवेना. आमचं घर तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून पार्किंग. तिथे अशीच एक फिल्टर काढलेली गाडी लागते, मालक रोज सकाळी ती दहा मिनिटं ‘गरम’ करतो. खिडकीच्या जाळीवर बोट फिरवलं की काळं होतं. माझ्या मुलाला दमा आहे. सकाळी ती गाडी सुरू झाली की आम्ही त्याला मागच्या खोलीत नेतो, दार लावतो. तो आता आवाज ऐकून स्वतःच उठून जातो. आठ वर्षांचा आहे.

डिझेलचा धूर कॅन्सरला कारण ठरतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय, पहिल्या गटात टाकून. तुमचं अ‍ॅव्हरेज वाढलं म्हणता. ते आमच्या खिडकीतून वाढलं.

सुसाट:
ताई, मुलाबद्दल वाईट वाटलं. पण उगाच मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. ट्रक, जनरेटर, जुन्या बस काय ओकतात ते बघा. आणि कंपन्या कुठे साधू आहेत? सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ दाखवणारं सॉफ्टवेअर गाडीतच घातलं होतं. एवढ्या मोठ्यांनी केलं ते चालतं, मी एक डबा रिकामा केला तर मी खलनायक?

तळमजला:
चालत नाही, म्हणून तर ते पकडले गेले. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आधी एक गाडी होती, आता शेजारच्यानेही विचारायला सुरुवात केली आहे, ‘कुठे काढून घेतला?’

लांबपल्ला:
सुसाट, मी डिझेलचा कट्टर आहे, पण या बाबतीत मी तुमच्या बाजूने नाही. प्यूजो ६०७ पार्टिक्युलेट फिल्टर घेऊन २००० सालीच आली, आणि तीही डिझेल सेडानच होती. म्हणजे फिल्टर सांभाळून या गाड्या कधीच्या चालताहेत. डिझेलचं नाव तुमच्यासारख्यांनी घालवलंय. उद्या सगळ्याच डिझेल गाड्यांना शहरात बंदी झाली तर माझी धड गाडीही तुमच्यासोबत भंगारात जाईल.

सुसाट:
दिवसाला १४० किलोमीटर धूर सोडणाऱ्याने मला शिकवू नये. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. फिल्टर बदलायचा खर्च आला असता तेव्हा बघितलं असतं.

पानापक्कड:
आता मी कबूल करतो. पूर्वी मीही फिल्टर काढून दिलेत, मोजले नाहीत इतके. गिऱ्हाईक रडत यायचं, नव्या फिल्टरचा आकडा ऐकून मलाच लाज वाटायची. बंद केलं, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्या वर्षभरात परत आल्या. फिल्टर तुंबतो ते बहुतेकदा वरचं काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून: गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर, तेल सोडणारा टर्बो. फिल्टर काढला की दुखणं तसंच राहतं, फक्त ओरडणारा गप्प होतो. सुसाट, तुमचे इंजेक्टर एकदा तपासा. रागाने सांगत नाही.

आणि ताई, तुम्ही लिहिलंत ते मी गॅरेजमधल्या पोरांना वाचून दाखवलं.

घेणाऱ्यांसाठी यात एक गोष्ट कामाची आहे. ज्या मॉडेलला कंपनीतून फिल्टर येतो, त्याच्या सायलेन्सरच्या टोकात आतून बोट फिरवा, थंड असताना. फिल्टर धड असेल तर आतला पत्रा जवळजवळ कोरा असतो. बोट काजळीने माखलं तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय.

सुसाट:
इंजेक्टर तपासतो. फिल्टर परत बसवीन असं म्हटलेलं नाही.

धरसोड:
मूळ मुद्द्यावर येऊ का? माझं रोजचं जाणं एकेरी २५ किलोमीटर, त्यातलं निम्मं गर्दीतलं. महिन्यातून एकदा गावी, लांब. उद्या एक गाडी बघायला जातोय, नऊ वर्षांची, सहा सिलिंडर, मन अडकलंय. घेऊ की नको?

लांबपल्ला:
बिनधास्त घ्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर ८०-९० ने सलग चालवा, फिल्टर मोकळा राहील.

काजळी:
तो अर्धा तास पुढची पाच वर्षं दर आठवड्याला काढणार का, हे आधी स्वतःला विचारा. मी पहिल्या महिन्यात काढला. दुसऱ्या महिन्यापासून नाही. शिवाय गाडीच्या किमतीएवढं नाही तरी तिचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल तर बघायलाही जाऊ नका, बघितलीत की घ्याल. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत.

सहासिलिंडर:
माझ्या नावाने इतकं चाललंय तर उत्तर देतो. ‘भित्रा’ हा शब्द मागे घेतो. रोज सहा किलोमीटर जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, हे मी लिहायला हवं होतं. बाकी माझ्या मतात फरक नाही, आणि गाडीही विकणार नाही.

काजळी:
एवढंच हवं होतं.

धरसोड:
आत्ताच बघून आलो. मालकाने चहा पुढे केला, सर्व्हिस बुक उघडून दाखवलं, सगळे शिक्के जागेवर. सकाळी सातला गेलो होतो तरी बॉनेट गरम. म्हणाले, ‘तुमच्यासाठीच धुवून आणली.’ आतलं चामडं इतकं सुंदर की बसल्यावर उठवेना. मग मागे जाऊन वाकलो आणि सायलेन्सरमध्ये बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत काळं. मी काही बोललो नाही, ते बोट तसंच त्यांना दाखवलं. त्यांनी आतून फडकं आणून दिलं, पण फिल्टरचं विचारलं तर ‘मला त्यातलं काही माहीत नाही’ म्हणाले.

पानापक्कड:
फडकं लगेच हाताशी होतं, म्हणजे बोट घालणारे तुम्ही पहिले नाही. दुसरी बघा. यावेळी जायच्या आधी गाडीचा नंबर मला कळवा, गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर घेऊन मीही येतो.