मॉरिशस: बीचच्या पलीकडचं
बरेच जण म्हणतात की मॉरिशसला बीचशिवाय काही नाही, चार दिवस रिसॉर्टमधे काढा न परत या. अजिबात पटलं नाही मला! राजधानी पोर्ट लुईला एक अख्खा दिवस ठेवाच. तिथं बंदराजवळ आप्रवासी घाट आहे, १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले मजूर बोटीतून उतरायचे ती जागा, आता युनेस्कोच्या यादीत आहे. त्या काळ्या दगडी पायऱ्यांपाशी उभं राहिलं की घशात आवंढा येतो, कारण त्यात आपल्या कोकणातली, घाटावरची माणसंही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणूनच ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तर देशभर सरकारी सुट्टी असते, जमलं तर तेव्हाच जा, समुद्रावर विसर्जन बघायला मिळेल.

खाण्यात ढोल पुरी चुकवू नका, रस्त्यावरच्या गाडीवरची. पुरणपोळीसारखीच दिसते पण आत गोड पुरण नाही, शिजवून बारीक केलेली डाळ, मऊसूत, आणि दोन एकावर एक ठेवून त्यात बीन्सची भाजी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार घट्ट रस्सा) न हिरव्या मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात, गरम गरम उभ्यानंच खायची.

बाकी, ऋतू आपल्या उलटे आहेत, जानेवारी ते मार्च वादळांची भीती असते म्हणून मे ते नोव्हेंबर बरं. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे सरळ भाड्यानं घ्या. इंग्रजी चालतं, पण बाजारात तिथल्या क्रिओल बोलीत किंवा फ्रेंचमधे दोन शब्द बोललात तर माणसं लगेच खुलतात.