स्वसंमोहन: मध्येच झोप लागते आणि सूचना उलट्या पडतात. काय चुकतंय?

काठावरचा: तपासण्या करून डॉक्टरांनी आयबीएसचं, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचं (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणाऱ्या आतड्याच्या विकाराचं) निदान केलंय. औषधं चालू आहेत, जोडीला तीन आठवडे स्वसंमोहन. रात्री अंथरुणावर पडून वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकतो. अंग सैल सोडायच्या टप्प्यातच झोप लागते. जागा राहिलोच तर ‘माझं पोट दुखणार नाही’ म्हणता म्हणता सगळं लक्ष पोटाकडेच जातं. आणि संमोहन लागलं की नाही, हे ओळखायचं कसं?

संथलय: आधी झोपेचं बघू. अंथरूण, अंधार आणि दिवसभराचा शीण एकत्र आले की शरीर झोपणारच. संमोहन म्हणजे झोप नव्हे. मेंदूच्या विद्युत आलेखात ती जागेपणीचीच अवस्था दिसते. स्कॉटिश शल्यविशारद जेम्स ब्रेडने 1843च्या पुस्तकात ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला, पण त्यातून झोपेचा गैरसमज होतो हे त्याच्याच लक्षात आलं आणि पुढे त्याने ‘एकाच कल्पनेवर खिळलेलं मन’ अशा अर्थाचा दुसरा शब्द सुचवला. तो काही रुजला नाही.

म्हणून खुर्चीत बसा. पाठीला आधार, पावलं जमिनीवर, जेवून निदान तासभर झालेला. समोरच्या भिंतीवर, नजर जरा वर उचलावी लागेल असा एक ठिपका निवडा आणि मान न हलवता बघत राहा. मिनिटभरात पापण्या जड होतात, कारण वर बघताना डोळ्यांचे स्नायू खरोखरच थकतात. तेव्हाच ‘डोळे मिटतायत’ म्हणायचं. जे आपोआप घडतंय त्यालाच सूचना जोडली की पुढच्या सूचनेवर मन वाद घालत नाही. मग पायांपासून डोक्यापर्यंत अंग सैल सोडा, पण तीन-चार मिनिटांतच. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच भाग लांबला असणार. तरी डुलकी येत असेल तर कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून पंजा उभा धरा. डोळा लागला की हात पडतो आणि जाग येते.

निळीशाई: सूचनेबद्दल. ‘दुखणार नाही’ हे खरं आहे का ते बघायला मन आधी दुखणं शोधायला जातं, त्यामुळे ‘नाही’ हरतं. काय नको ते सोडा, काय हवं ते दिसेल, जाणवेल असं मांडा.

आतड्यांसाठीचं संमोहन याच पायावर उभं आहे. मँचेस्टरचे डॉक्टर पीटर व्हॉरवेल यांनी 1984मध्ये 30 रुग्णांवरचा प्रयोग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, तिथून ही पद्धत नावारूपाला आली. तळहात बेंबीवर ठेवायचा, त्याची ऊब पूर्ण जाणवेपर्यंत थांबायचं आणि ती कापडातून, कातडीतून हळूहळू आत उतरतेय असं अनुभवायचं. मग आतडं म्हणजे नदी. जुलाबाचा त्रास असेल तर खळाळणारं पाणी संथ होऊ द्या, बद्धकोष्ठ असेल तर तुंबलेलं पाणी वाहतं करा. चित्र आपल्या तक्रारीचं हवं; दुसऱ्याच्या तक्रारीचं रेकॉर्डिंग इथेच फसतं.

शब्द तुमच्या तोंडचे ठेवा. ‘आपले उदर शिथिल होत आहे’ ऐकताना मन भाषेलाच अडखळतं. ‘पोट सैल पडतंय’ पुरे. एका बैठकीत एकच सूचना, श्वास सोडताना, पाच-सहा वेळा.

मध्यमपट्टी: ‘लागलं का?’ हे मधूनमधून तपासलंत की लक्ष मोडतं, त्यामुळे हा प्रश्न संपल्यावरच विचारा. हात जड किंवा दूर गेल्यासारखे वाटणं, पापण्यांची थरथर, दहा मिनिटं झाली असताना चारच झाल्यासारखं वाटणं ही नेहमीची चिन्हं. भान हरपत नाही, बाहेरचे आवाज ऐकू येतात. संमोहनक्षमता माणसागणिक वेगळी असते. 1959पासून वापरात असलेल्या स्टॅनफर्ड मोजपट्टीत 12 कसोट्या आहेत आणि बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात येतात. खोल जाण्यामागे लागू नका, रोजच्या सरावाने जास्त फरक पडतो.

बाहेर येणं मात्र कुणी टाळू नये. ‘हात हलके, अंगात ताकद’ म्हणून जडपणाची सूचना आधी मागे घ्या, एक ते पाच मोजा, पाचला डोळे उघडून मुठी आवळा. हे राहिलं तर अर्धा तास सुस्ती किंवा डोकं जड राहू शकतं. पूर्ण तरतरी येईपर्यंत गाडी चालवू नका.

आणि शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यांपैकी काहीही दिसलं तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जा. अशी दुखणी संमोहनाने झाकली तर नुकसान होतं. भ्रम-भास होणाऱ्या आजारात हे एकट्याने करूच नये.

काठावरचा: खूप आभार. मग रात्रीचं रेकॉर्डिंग बंद करू? आणि किती दिवस वाट बघायची?

संथलय: बंद कशाला, ते झोपेसाठी राहू द्या. पोटाचा सराव वेगळा, दिवसा, दहा-पंधरा मिनिटं. तज्ज्ञांकडे या उपचाराच्या साधारण 7 ते 12 बैठका होतात आणि मधल्या दिवसांत घरी रोज सराव असतो, तेव्हा तीन महिने धरून चाला. दुखणं, फुगणं आणि शौचाच्या वेळा रोज वहीत 0 ते 10 अशा आकड्यांत लिहा. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2008च्या मार्गदर्शक सूचनांत, 12 महिने औषधं घेऊनही गुण न आलेल्यांसाठी संमोहनोपचाराचा विचार करावा असं आहे. म्हणून चालू औषधं डॉक्टरांना न विचारता सोडू नका.