ऑफिसमधल्या मित्राला जामीन राहायचं नाहीये, तोंडावर कसं सांगू?

शेजारचं_टेबल:
नमस्कार मंडळी, वाचतो बरेच दिवस पण लिहितोय पहिल्यांदा, सांभाळून घ्या. मी सातारा जिल्ह्यात एका निमसरकारी ऑफिसात क्लार्क आहे, १४ वर्षं झाली. शेजारच्या टेबलावर एक जण आहेत, त्यांना भाऊ म्हणू. माझ्याहून ७-८ वर्षांनी मोठे, आणि माणूस एकदम दिलदार, कुणाच्या घरी काही झालं की पहिले हेच पोचणार. आमची कर्मचाऱ्यांची पतसंस्था आहे, तिथून त्यांना आता ६ लाख काढायचेत आणि मला जामीन राहा म्हणतायत. आधीचं एक कर्ज चालूच आहे त्यांचं, त्यालाही माझीच सही, पण ते पगारातून कटतं म्हणून मी निवांत होतो. आता कळतंय की बाहेर दोन-तीन फायनान्सवाल्यांचं पण उचललंय. जेवताना फोन वाजला की डबा तसाच टाकून जिन्यात जातात.

गोची अशी की २०१७ ला बहिणीच्या लग्नाला मी कर्ज काढलं तेव्हा भाऊंनी माझ्या फॉर्मवर उभ्या उभ्या सही केली होती, हातातला चहा पण खाली ठेवला नव्हता. ते मी फेडलं कधीच. भाऊ त्याचा विषय काढत नाहीत, नुसता कोरा फॉर्म रोज माझ्या फायलीखाली सरकवून जातात. परवा म्हटलं घरी विचारून सांगतो, तर रविवारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात, "वहिनींना मी समजावतो". बायको आता माझ्यावर उखडलीये की मला कशाला मध्ये घातलंत. सही करायची नाही हे नक्की आहे हो, पण रोज ८ तास त्याच माणसाच्या बाजूला बसायचंय.

खडू_फळा:
अजिबात करू नका. मी शिक्षक, स्टाफरूममधल्या मित्राला ४ लाखांना जामीन राहिलो होतो. वर्षभर बरं चाललं मग साहेब बिनपगारी रजेवर गेले ते गेलेच. पगारच नाही तर कपात कशातून होणार, मग आम्हा दोघा जामीनदारांकडून सुरू झाली, माझे महिन्याला साडेपाच हजार, ३१ महिने. पगाराच्या स्लिपवर खाली एक ओळ वाढलेली असायची, बायकोला दाखवायची नाही म्हणून स्लिप घरी न्यायचीच बंद केली होती मी. आणि गंमत बघा, आता बाजारात भेटला तर मान तोच फिरवतो. म्हणजे पैसे पण गेले आणि ज्या मैत्रीसाठी सही केली ती पण.

वसुली_खिडकी:
पतसंस्थेत नोकरी केलेय म्हणून सांगतो. लोकांना वाटतं आधी कर्जदाराला पिळतील, अगदीच नाही जमलं तर मग जामीनदार. तसं नसतं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. थकलं की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढतात, त्यात नावं दोघांची. कलम ४९ नुसार पगारातून कपातीचं संमतीपत्र घेतलेलं असतं, फॉर्मच्या गठ्ठ्यात ते पण असतं, कुणी वाचत नाही. नंतर कर्जदाराकडून तुमचे पैसे मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण ज्याच्याकडून संस्थेला वसूल झालं नाही त्याच्याकडून तुम्ही काय वसूल करणार.

आता कामाचं. सचिवांना विचारा की जुनं कर्ज नव्यातून वळतं करणार आहेत का. बहुतेक ठिकाणी तसंच करतात. मग नव्याला दुसरा कुणी जामीनदार आला तर जुनं खातं बंद होऊन तुमची आधीची सही पण सुटते. तसं झालं तर बेबाकी दाखल्याची, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन ठेवा.

मधली_सुट्टी:
मला सगळ्यांचं थोडं खटकलं. असं प्रत्येकजण म्हणाला तर पतसंस्था बंदच करायला लागतील ना. माझ्या वडलांच्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या शिपाईमामांनी सही केली, ऑफिसर लोक सगळे मीटिंगला पळाले होते. भाऊंनी तुमच्या वेळी हिशोब केला होता का?

खडू_फळा:
ताई बरोबर आहे तुमचं, पण ह्यांच्यावर २०१७ ला बाहेरचं कर्ज होतं का? नव्हतं. सही तीच, जोखीम वेगळी.

दुपारचा_चहा:
माझं ऐका, कारण सांगूच नका. कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला घेतो, पेढे घेऊन आले ना! उद्या म्हणाल माझंच होमलोन आहे तर म्हणतील त्याचा काय संबंध, ते बँकेचं हे पतसंस्थेचं. टेबलावर चारचौघात पण नको, पार्किंगमध्ये गाठा, फॉर्म हातात परत द्या आणि एवढंच म्हणा, "भाऊ, या कर्जाला मी सही करणार नाही, ठरवलंय." मग गप्प. त्यानंतरची जी शांतता असते ना त्यात आपल्याला काहीतरी बोलून टाकावंसं वाटतं, "बघू पुढच्या वेळी" वगैरे, तिथेच माती होते. मी तसंच बोलून एकदा २० हजार हातउसने देऊन बसलेय, अजून यायचेत. २०१७ चं ओझं वाटतंय तर ते दुसऱ्या कशाने फेडा, एखाद्या संध्याकाळी बसून त्यांच्या सगळ्या हप्त्यांची यादी करा सोबत, कुठलं आधी मिटवायचं ते बघा.

शेजारचं_टेबल:
अपडेट देतो. सोमवारी सांगितलं, पार्किंगमध्येच. वाक्य पाठ करून गेलो होतो तरी "भाऊ" म्हटल्यावर आवाज फुटेना. त्यांनी फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या, शर्टाच्या खिशात ठेवला आणि "बरं" म्हणाले. बास. दोन दिवस बोलणं बंद, तिसऱ्या दिवशी स्टेपलर मागितलं. यादीचं विचारलं तर म्हणाले बघू. डबा खातो एकत्रच, पण पूर्वी भाजी न विचारता माझ्याकडे सरकवायचे, ते बंद आहे.

जुनं कर्ज वळतं होणार आहे, सचिवांनी सांगितलं, म्हणजे मी सुटलो. पण माझ्या जागी सही करतोय स्टोअरमधला नवीन पोरगा, नोकरीला लागून दीड वर्ष झालं असेल. त्याला भाऊंच्या बाहेरच्या कर्जाचं काही माहीत नाही. सांगायचं की नाही यावर घरी वाद चालू आहे.

वसुली_खिडकी:
रोखा झालाय का, म्हणजे कर्जाच्या कागदावर सह्या?

शेजारचं_टेबल:
शुक्रवारी आहे.

वसुली_खिडकी:
मग गुरुवारपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे.