कपड्यांचा कार्बन घटवायचा पैसा: नव्या शोधांना द्यायचा की मालेगावच्या बॉयलरना?

वाफेचा_हिशेब
फॅशन उद्योगाचं कार्बन उत्सर्जन 2050 पर्यंत निव्वळ शून्यावर आणायला साधारण एक लाख कोटी डॉलर लागतील, असा अंदाज 'फॅशन फॉर गुड' आणि 'अपॅरल इम्पॅक्ट इन्स्टिट्यूट' यांनी 2021 मध्ये मांडला. त्यातले 639 अब्ज आज हाताशी असलेल्या उपायांसाठी, 405 अब्ज नव्या शोधांसाठी. चर्चा मात्र कायम दुसऱ्या वाट्याची: बिनपाण्याची रंगाई, प्रयोगशाळेतले धागे वगैरे.

नाशिक जिल्ह्यापुरतं माझं मत सरळ आहे. पुढची पाच वर्षं हा पैसा मालेगावच्या सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ चढवणाऱ्या कारखान्यांमध्ये, घाला, नव्या शोधांना एक रुपयाही नको. माग विजेवर चालतो, पण आग पेटते ती ताण्याला (कापडातल्या उभ्या सुताला) खळ चढवून वाळवताना.

सूत वाळवणाऱ्या, वाफेने तापणाऱ्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. ते नव्वदच्या वर तापलेलं पाणी गटारात सोडायचं आणि बॉयलरला तिशीचं गार पाणी पाजायचं, हा उद्योग अजून चालतो. बॉयलरला जाणारं पाणी 6 अंशांनी गरम मिळालं की इंधन 1 टक्का वाचतं. 30 वरून 84 वर नेलं तर 9 टक्के. त्यासाठी लागतं काय? परतीची पाइपलाइन, लेप दिलेली टाकी, पंप आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र फ्लोट ट्रॅप (पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारी झडप).

बिघडतं ते दोन ठिकाणी. टाकी जमिनीवर ठेवली की गरम पाण्याची पंपाच्या तोंडाशीच वाफ होते, पंप पाणी ओढेनासा होतो आणि फायरमन वैतागून टाकीत गार पाणी मिसळतो. टाकी पंपाच्या तीन-चार मीटर वर हवी. दुसरं, सगळ्या सिलिंडरना मिळून एकच ट्रॅप लावला तर कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये पाणी साचतं आणि बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) ओलसर निघतो. मग ट्रॅपला वळसा घालणारा बायपास उघडतात आणि जिवंत वाफच बाहेर जाते.

उष्णतापंप
हे सगळं करा, जरूर करा. पण यातून एकदाच पंधरा-वीस टक्के मिळतील. उरलेलं जाळणं पन्नास वर्षं तसंच चालू. आज बसवलेली प्रत्येक नवी भट्टी वीस वर्षं हलत नाही, हे विसरू नका.

साधा इलेक्ट्रिक बॉयलर हेही उत्तर नव्हे. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. 70 टक्के कार्यक्षमतेच्या कोळशाच्या बॉयलरमधून तेवढीच उष्णता घेतली तर सुमारे 0.5 किलो. म्हणजे 'वीज म्हणजे स्वच्छ' म्हणून बॉयलर बदलला तर उत्सर्जन वाढेल! उष्णतापंप (वाया जाणारी उष्णता विजेच्या जोरावर वरच्या तापमानाला चढवणारं यंत्र) एका युनिटात अडीच युनिट उष्णता देतो, तेव्हा आकडा 0.28 वर येतो. सायझिंगच्या मापाचे असे पंप पहिल्या दहा-वीस जागी महागच पडणार. तो तोटा सायझिंगवाला सोसणार नाही, बँक तर नाहीच. निधी त्यासाठीच असतो.

वाफेचा_हिशेब
अडीच कुठल्या तापमानाला, तेही सांगा की. सिलिंडरला 3 किलो दाबाची वाफ लागते, म्हणजे 143 अंश. 70-80 अंशांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून तिथवर चढायचं तर अडीच विसरा, दोनही मुश्किलीने.

उष्णतापंप
मान्य, म्हणून सुरुवात सिलिंडरपासून नकोच. खळ शिजवायला आणि साइज बॉक्स (सूत बुडवायची खळीची टाकी) गरम ठेवायला 90-95 पुरतं. तिथे पंप लावा, सिलिंडर वाफेवर राहू द्या. पण हा संकर प्रत्यक्षात चालतो का, हे कुणीतरी पैसे घालून बघितल्याशिवाय कळणार कसं?

ताणाबाणा
दोघेही खळीतून निघालेलं सूत पिळणारे पिळणी रोल विसरलात. पाणी उडवण्याआधी पिळून काढणं केव्हाही स्वस्त. 100 किलो सुतावर 120 किलो ओली खळ येत असेल आणि रोलचा दाब वाढवून ती 95 वर आणली, तर सुमारे 25 किलो पाणी कमी उडवावं लागतं. किलोमागे 1.4 किलो वाफ धरली तर 35 किलो वाफ, आणि एक किलो लाकडातून तीन किलो वाफ निघते असं धरलं तर साधारण 12 किलो लाकूड वाचलं.

मेख पुढे आहे. सुतावर 12 टक्के खळ बसायला हवी असेल तर आधी 10 टक्क्यांची पातळ खळ चालायची, आता साधारण 12.6 टक्क्यांची लागेल. हे न करता नुसता दाब वाढवला की खळ कमी बसते, मागावर तार तुटते आणि मागवाला सायझिंगला शिव्या घालतो. रबराचा रोल कडेला झिजलेला असेल तर काठाकडची तारं ओलीच राहतात. रोल घासून एकसारखा करून घेणं हे पहिलं काम. याला कुणी 'इनोव्हेशन' म्हणणार नाही आणि म्हणूनच याला निधीही मिळणार नाही.

मोसमकाठ
तुमची सगळी गणितं इंधन विकत घेतलं जातं असं धरून आहेत. मालेगावात सायझिंगमध्ये प्लॅस्टिक कचरा जाळण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. जिथे इंधन जवळपास फुकटात येतं तिथे 9 टक्के बचत म्हणजे शून्याचे 9 टक्के. कचऱ्यात पीव्हीसी असेल तर क्लोरीनचं आम्ल बॉयलरच्या नळ्या खातं, धुरातून डायऑक्सिन जातं, ते वेगळंच. आधी इंधनाचा प्रश्न सोडवा.

पऱ्हाटी आहे ना, कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं! खानदेशात ती बांधावर पेटवतात. वेळेत उपटून हलवली तर गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो. दाबून ब्रिकेट (जळणाच्या विटा) केल्या तर वर्षभर पुरतील.

द्राक्षपट्टा
पऱ्हाटीबरोबर निफाड-दिंडोरीच्या छाटणीच्या काड्यांचं नावही कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा माल एकदम येतो आणि निम्मा पाणी असतो. ओल्या काडीची ब्रिकेट फुटते, आधी 10-12 टक्क्यांपर्यंत वाळवावी लागते. शिवाय कोवळ्या काडीत पोटॅश जास्त. राख लवकर वितळते आणि जाळीवर तिचे खंगर धरतात. बरेच बागायतदार आता काड्यांचा चुरा करून सरीतच गाडतात, जमिनीच्या कर्बासाठी. तो आमच्या मातीतून काढून मालेगावच्या धुराड्यात घालण्याला माझा विरोध आहे.

कर्जखाते
इंधन कुठलंही ठरवा, पैसा पोचण्याचा रस्ता बघा. 2022 मध्ये जाहीर झालेला 25 कोटी डॉलरचा फॅशन क्लायमेट फंड घ्या. असे निधी मोठ्या ब्रँडच्या पुरवठादारांच्या यादीवरून चालतात. मालेगावचं कोरं कापड व्यापाऱ्यामार्फत पाली, बालोतरा, जेतपूरला रंगाई-छपाईला जातं. ते शेवटी कुणाच्या अंगावर चढतं हे सायझिंगवाल्याला माहीत नाही आणि ब्रँडलाही नाही. मग ब्रँड पैसे घालेल कशासाठी?

सरकारी बाजूला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची 2025 ची 'अदिती' योजना आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात 5 टक्के सूट, अट किमान 10 टक्के ऊर्जाबचतीची. वाफेचा_हिशेब यांचे 9 टक्के एकट्याने अटीत बसत नाहीत, पिळणी रोलचं काम जोडलं तर बसतील. पण भाड्याचं शेड, जॉबवर चालणारा धंदा, वहीतला निम्मा व्यवहार रोखीचा. बँकेला व्याजदराची नाही, परतफेडीची चिंता आहे. त्यामुळे माझं मत दोघांच्याही विरुद्ध: अनुदान नको. आठ-दहा सायझिंगचा एक गट करा आणि बुडीत कर्जाचा पहिला वाटा निधीने सोसावा. तेवढ्याच रकमेत कितीतरी जास्त कामं होतील.

येवलेकर
सगळं मालेगावच? पैठणीचा माग पायावर चालतो म्हणून येवला 'हरित' धरतात, पण रेशीम रंगवायला भट्टी लागतेच. किलोभर रेशमाला 40 लिटर पाणी 25 वरून 90 अंशांवर न्यायचं म्हणजे 2600 किलोकॅलरी. उघड्या भट्टीत त्याला सहा-सात किलो लाकूड जातं, बंदिस्त भट्टी आणि धुराडं केलं तर निम्म्यात भागतं. सौर हीटरने 60 पर्यंत नेलं तर अर्ध्याहून जास्त काम झालं. फक्त बोअरचं जड पाणी नळ्यांत क्षार धरतं आणि रेशीम खारताना (साबणाच्या पाण्यात त्याचा डिंक काढताना) साबणाचा साका होऊन पुढे रंगाचे डाग पडतात, तेव्हा आधी पाणी मऊ करायचं यंत्र घ्या. रक्कम इतकी किरकोळ आहे की कुठल्याच निधीच्या नजरेत भरत नाही.

उष्णतापंप
कर्जखाते, गटाची कल्पना पटली. पण बचत मोजणार कोण? इंधनाच्या पावत्यांवर विश्वास ठेवायचा तर मोसमकाठ यांनी वर लिहिलंच आहे.

वाफेचा_हिशेब
पावत्या नकोतच. बॉयलरच्या पाण्याला मीटर आणि बीमचं वजन. दर 100 किलो सुतामागे किती लिटर पाण्याची वाफ झाली, हा एक आकडा रोज लिहायचा. परतीचं पाणीही त्याच मीटरमधून जातं, त्यामुळे परतीची बचत यात दिसणार नाही. तिच्यासाठी बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीचं तापमान वेगळं नोंदवा. आणि ब्लोडाउनचं, म्हणजे गाळ-क्षार काढायला बॉयलरमधून सोडलेलं, पाणी वजा करा, नाहीतर जो बॉयलर साफ ठेवतो तोच उधळा ठरेल.