व्हिनाइल टाइल्सच्या सांध्यात कुठलं ग्राउट भरायचं? (तळमजला, खाली मोझाइक)

नेरूळ_पूर्व:
सिडकोच्या रो-हाउसमध्ये तळमजल्याची 10 बाय 12 ची खोली आहे. जुनी मोझाइक लादी न उखडता वर 12 बाय 12 इंची, मागे गोंद असलेल्या 2 मिमी जाडीच्या व्हिनाइल टाइल्स लावायच्या आहेत. दुकानदार म्हणतो, सांधे सोडा आणि नेहमीचं सिमेंट ग्राउट भरा. चालेल का? किती लागेल? गणपतीआधी उरकायचंय.

गुण्या_ओळंबा:
सिमेंट ग्राउट अजिबात नको. व्हिनाइल पायाखाली दबतं, उन्हाने पसरतं. सिमेंट कडक, ते तडकतं आणि भुगा होऊन केरसुणीत येतं. तयार मिश्रणाचं ॲक्रिलिक ग्राउट घ्या, डब्यावर व्हिनाइलसाठी चालतं असं लिहिलेलं पाहूनच.

त्याआधी टाइलची कड बघा. चारही कडा किंचित तिरप्या असतील आणि कंपनीने ग्राउट चालेल असं म्हटलं असेल तरच सांधा सोडा. सरळ कडेच्या टाइल्स भिडवूनच लावायच्या. एकमेकींत अडकवायच्या क्लिकच्या पट्ट्यांत तर ग्राउट कधीच नाही.

3 मिमी सांध्याला 120 चौ. फुटांत जेमतेम अर्धा लिटर ग्राउट बसतं. वाया जाणारं धरून 1 लिटर आणा. टाइल्स 132 घ्या, म्हणजे 10 टक्के जादा.

मापही तपासा. टाइल 305 मिमीची असेल तर 10 फुटांत दहा बसत नाहीत: सांधे आणि भिंतीकडेची 5-5 मिमी फट धरून साधारण 4 सेंमी जास्त होतात. खोलीच्या मध्यावर खडूची दोरी मारून तिथे सांधा धरा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच 2 सेंमी कापावे लागतील. 300 मिमीची टाइल असेल तर दहा पूर्ण बसतात, उरलेली फट स्कर्टिंगखाली जाते.

मोझाइकवर वर्षानुवर्षांचं पॉलिश असतं. ते घासून काढा, प्राइमर मारा, नाहीतर गोंद पॉलिशला चिकटतो, लादीला नाही. लादीचे सांधे आणि खड्डे सिमेंटच्या फ्लोअर पॅचिंगने भरा. भिंतीची पुट्टी नको, ती दबून फुटते. मग 2 मीटरची ॲल्युमिनियम पट्टी फिरवा. खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर पुन्हा भरा. पातळ व्हिनाइल खालचं सगळं वर दाखवतं.

टाइल्स 48 तास त्याच खोलीत आडव्या ठेवा. लावल्यावर प्रत्येकीवरून हँड रोलर जोर देऊन फिरवा. ग्राउट दुसऱ्या दिवशी: एका वेळी 4-5 चौ. फूट, रबरी फ्लोट (रबरी तळाचा थापा) तिरका ओढत, आणि लगेच घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसा. वाळलेला थर निघता निघत नाही. स्पंज जास्त ओला असेल तर सांध्यातलं ग्राउट उपसून येतं, रंगही फिका पडतो.

खारीवारा:
वरचं सगळं बरोबर, पण गणपतीआधी हे काम करू नका. तळमजला, तोही पावसात! जमिनीतली ओल मोझाइकमधून उडून जाते म्हणून दिसत नाही. वर व्हिनाइल आलं की तिला वाट नाही: गोंद मऊ पडतो, कडा उचलतात, कुबट वास सुटतो. ॲक्रिलिक ग्राउटही पाणी उडूनच वाळतं, त्यामुळे दमट हवेत रखडतं.

2 बाय 2 फुटांचं जाड प्लास्टिक तीन ठिकाणी चारही बाजूंनी टेपने सील करा, 24 तासांनी उचला. खाली थेंब किंवा लादी गडद दिसली, तर दिवाळीनंतर पुन्हा बघा.

नेरूळ_पूर्व:
बाथरूमच्या भिंतीजवळ थेंब आहेत, बाकी दोन्हीकडे कोरडं. फक्त तेवढ्या पट्ट्यात ओल अडवायला एपॉक्सीचा थर मारून चालेल?

खारीवारा:
जमिनीची ओल असती तर बहुधा तिन्हीकडे दिसली असती. हा संशय बाथरूमवर जातो. आधी सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा हलत असेल तर बहुधा भिंतीतला पाइप गळतोय. हलत नसेल तर नहाणीच्या जाळीत बोळा घालून बाथरूममध्ये इंचभर पाणी रात्रभर साठवा, उंबऱ्यावरून बाहेर येणार नाही एवढं बघा. पातळी उतरली तर दोष जाळीभोवतीच्या किंवा लादीच्या सांध्यांत. उतरली नाही, तर बोळा काढून पाणी सोडा आणि खोलीतला ओला पट्टा वाढतो का बघा. वाढला तर जाळीखालचा ट्रॅप किंवा ड्रेनेज पाइप. ते दुरुस्त करायच्या आधी एपॉक्सी मारलीत तर पाणी तिच्या कडेने पुढच्या लादीत सरकेल.

गुण्या_ओळंबा:
आणि काम झाल्यावर रबरी पाठीचं पायपुसणं टाकू नका. व्हिनाइलवर पिवळे डाग पडतात, ते कशानेच जात नाहीत.