हृदय प्रत्यारोपणानंतरच्या खर्चाबद्दल माहिती हवी आहे (खानापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

माझे दाजी, वय ४१. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी आहे, म्हणजे हृदय फुगून कमकुवत झालंय. ईएफ (दर ठोक्याला हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) १५ टक्के. गोळ्या चालू आहेत, सीआरटी पेसमेकरही (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारं यंत्र) बसवून झाला, फरक नाही. आता डॉक्टर प्रत्यारोपणाचं बोलतायत. घरात अक्का, दोन पोरं, थोडा ऊस आणि किराणा दुकान.

शस्त्रक्रियेचा अंदाज २५ ते ३० लाख सांगितलाय. त्यासाठी शेत विकायचं ठरतंय. माझा जीव अडकलाय तो पुढच्या वर्षांत. शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या गोळ्या जन्मभर. त्यांची रक्तातली पातळी सतत बघायची, पहिल्या वर्षी हृदयाची बायोप्सी पुन्हा पुन्हा. शेत विकून हृदय बसवलं आणि नंतर गोळ्यांनाच पैसे उरले नाहीत, तर शरीर ते हृदय नाकारणार. मग शेतही गेलं आणि माणूसही.

मामा म्हणतात, एवढं घालून किती जगणार? जगभरच्या नोंदींत पहिलं वर्ष पार करणारे शंभरात ८५ च्या वर आहेत, आणि निम्मे जण बारा वर्षांच्या आसपास किंवा जास्त जगतात. धाकटी चौथीत आहे. बारा वर्षांत ती पदवीधर होईल. मला हे थोडं वाटत नाही. पण आपल्याकडे, गावात राहून, पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत जंतुसंसर्ग सांभाळून कोण कसं जगलंय, ते ऐकायचं आहे.

नाव कुठं नोंदवावं? अवयवासाठी नाव नोंदवायला त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अट २०२३ मध्ये केंद्रानं काढली, त्यामुळे पुणे, बेंगळुरू दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. पण काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं. फोन आल्यावर खानापूरहून निघून कसं पोचणार? तिथंच खोली घेऊन थांबावं लागतं का, आणि लोक किती काळ थांबले? पुढच्या तपासण्या बेळगावातच होतात का, की दर वेळी तिकडंच पळायचं?

महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांत आमचं गाव येतं, म्हणून महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचीही आशा आहे. तिच्यातून किंवा कर्नाटकच्या योजनेतून प्रत्यारोपणासाठी कुणाला प्रत्यक्ष पैसे मिळालेत का? नंतरच्या गोळ्यांना काही मिळतं का?

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा महिन्याचा खर्च तेवढा नक्की लिहा. शेताचा इसार अजून घेतलेला नाही. तुमचे आकडे बघूनच किती विकायचं आणि किती राखायचं ते ठरवणार आहोत.