किबोर्ड एक, सॉफ्टवेअर दोन आणि फुकटचे सल्ले

नवीपेठ_कीज:
परवा इथं एका मालकांनी लिहिलं की "दोन सॉफ्टवेअरमध्ये मिडी किबोर्ड (कॉम्प्युटरला जोडून वाजवायचा) चालत नाही म्हणून रडणारे आळशी आहेत, एक बंद करा, दुसरं उघडा, विषय संपला." दोन दिवस गप्प बसलो, आता बोलतो. मालक, तुम्ही घरी खोलीत वाजवता का स्टेजवर? माझा विंडोजचा लॅपटॉप, रीपर आणि एफएल स्टुडिओ ही गाण्याची दोन सॉफ्टवेअर, रीपरमध्ये ट्रॅक लावलेले, एफएलमध्ये माझे टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज. विंडोजवर जुन्या पद्धतीनं ज्या सॉफ्टवेअरनं किबोर्डचं पोर्ट, म्हणजे जोडणी, आधी उघडली त्याचीच ती, ड्रायव्हरमध्ये सोय नसेल तर दुसऱ्याला किबोर्ड मिळतच नाही. एफएलमध्ये जाऊन बोट ठेवलं की शुकशुकाट. मग परत रीपर, सेटिंग, किबोर्डची टिक काढा, एफएल, टिक लावा. घरी ठीक हाय, पण सोलापुरात गड्डा यात्रेच्या टायमाला एका रात्रीत दोन-दोन कार्यक्रम असतात, निवेदक दोन वाक्यं बोलतो तेवढ्यात हे कसं करायचं सांगा की. माझं म्हणणं एवढंच, जी विंडो समोर तिला किबोर्ड मिळावा, मागं गेली की तिनं आपणहून सोडावा. टायपिंगचा किबोर्ड असाच चालतो ना? मग ह्याला काय धाड भरलीय?

शिस्तीत_वाजवा:
मीच तो मालक. आळशी म्हणालो ते मागे घेत नाही. समोरची विंडो म्हणे! मध्येच गाण्याचे शब्द बघायला पीडीएफ उघडलीस की किबोर्ड मुका, तेही अंतऱ्याच्या मध्यात. आणि सूर दाबून धरलाय तेवढ्यात विंडो बदलली तर? नोट-ऑन, म्हणजे सूर सुरू झाल्याचा निरोप, एका सॉफ्टवेअरला गेला, नोट-ऑफ, म्हणजे थांबल्याचा, दुसऱ्याला, पहिल्यातला सूर बसला बोंबलत. सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचं तेच, ६४ नंबरचा कंट्रोल, दाबल्याचा निरोप पोचला, सोडल्याचा नाही. म्हणून म्हणतो, आपण हातानं बंद करावं.

मॅकवाली_ताई:
मॅकवर हा त्रासच नाही असं मीपण ऐटीत सांगायचे. तिथं उलटं आहे, दोन्ही उघडी असली की दोघांनाही एकदम मिळतं. लॉजिक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पियानो वाजवत होते आणि मागं मेनस्टेज ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बासरी चालू राहिलेली, आई स्वयंपाकघरातून म्हणाली, कोण आलंय गं शिकायला?

होटगीरोड_साउंड:
अरे लूपमिडी आणि मिडी-ऑक्स ही छोटी सॉफ्टवेअर टाका की. किबोर्ड फक्त मिडी-ऑक्सनं उघडायचा, तिथून लूपमिडीचे दोन खोटे पोर्ट, एक रीपरला एक एफएलला. दोघांतही मूळ किबोर्डवरची टिक काढायला विसरू नका, नाहीतर जो आधी उघडेल तो पळवेल.

नवीपेठ_कीज:
केलंय. मग तुमच्या ताईंसारखं होतं, दोन्ही एकदम वाजतात.

पेटीमास्तर:
डोकं गरगरलं बे वाचून. पेटीला पोर्ट नसतं, भाता असतो. चाळीस वर्षं भजनाला वाजवतोय, एकदा पण मला कुणी टिक काढायला लावली नाही. तुम्ही पोरांनी ऑक्टोपॅड आणि लॅपटॉप आणले आणि ढोलकीवाल्याच्या पोटावर पाय दिला. आमच्या मंडळात तो आता फक्त जेवायला येतो.

होटगीरोड_साउंड:
काका, ज्या पेटीचं कौतुक सांगताय तिच्यावर आकाशवाणीनं १९४० मध्ये बंदी घातली होती, उठली ती १९७१ मध्ये. परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती नाहीत, हेच सगळं म्हणायचे. तेव्हा पेटीवाले शिव्या खात होते, आज लॅपटॉपवाले.

पेटीमास्तर:
रेडिओवर बंदी होती, देवळात नव्हती. भजनानं पेटी एक दिवस सोडली नाही. आणि मींड निघत नाही हे मला शिकवू नको. गायकाच्या मागं सावलीसारखं जायचं असतं, गळ्यातली मींड गळ्यातच राहू द्यायची.

होटगीरोड_साउंड:
आमच्या किबोर्डला सूर वर-खाली वाकवायचं पिच बेंडचं चाक हाय, आम्ही काढतो मींड.

पेटीमास्तर:
मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं होतं ते. ऐकलंय मी.

शिस्तीत_वाजवा:
काकांशी पहिल्यांदाच सहमत. ते चाक बहुतेक टोनवर वर-खाली दोनच सेमीटोन जातं, ग वरून प सुद्धा गाठता येत नाही. सेटिंगमध्ये वाढवता येतं, पण वाढवतो कोण? मी सांगतो, पोरं मॅन्युअल वाचत नाहीत, वायर गुंडाळायला शिकत नाहीत, जॅक ओढून काढतात...

मॅकवाली_ताई:
विषय किबोर्ड बदलण्याचा होता. मींड, मांजर, वायर, सगळं झालं.

होटगीरोड_साउंड:
ताई तुम्ही मॅकवाल्या, तुम्हाला काय फरक पडतो. इथं लोकांचे हप्ते चालू आहेत लॅपटॉपचे.

मॅकवाली_ताई:
माझा सेकंडहँड आहे. हप्त्याचंच काढायचं तर तुझ्या स्पीकरचे किती राहिलेत ते पण लिही.

नवीपेठ_कीज:
बरं, एक कबूल करतो, मनाविरुद्ध. लटकलेल्या सुराचं खरं आहे. मागच्या वर्षी एका गणपती मंडळात पाहुण्यांचा सत्कार, शाल अंगावर टाकली, श्रीफळ हातात दिलं, आणि माझ्या एफएलमधला स्ट्रिंग्जचा कोमल नी लटकून राहिला. मी रीपरमध्ये होतो, किबोर्डवर काहीही दाबलं तरी थांबेना. पाहुणे बोलताहेत आणि मागं नुसतं नीsss. शेवटी मिक्सरवाल्यानं माझी लाइनच खाली ओढली आणि असं बघितलं की पुढच्या गाण्याला वर करायला विसरला, का मुद्दाम, त्याचं त्याला माहीत. म्हणजे विंडो सोडताना सॉफ्टवेअरनं आधी आपले सगळे सूर बंद करावेत, १२३ नंबरचा ऑल नोट्स ऑफ त्यासाठीच तर आहे. पण सोडायला पाहिजेच, ह्यावर मी ठाम.

शिस्तीत_वाजवा:
आणि पीडीएफचं काय?

नवीपेठ_कीज:
शब्द पाठ करा मालक. शिस्तीत.

जुळेसोलापूर_७७:
सगळं वाचलं. एफएल स्टुडिओ रीपरच्या आतच प्लगइन, म्हणजे जोडपुरवणी, म्हणून उघडतं. एका ट्रॅकवर टाकायचं, टोन हवा तेव्हा तो ट्रॅक आर्म करायचा, म्हणजे किबोर्डचे सूर घ्यायला तयार ठेवायचा. किबोर्ड रीपरकडंच राहतो, सोडायचा-धरायचा प्रश्नच नाही.

नवीपेठ_कीज:
...हे कुणी आधी का नाही बोललं बे?

जुळेसोलापूर_७७:
मांजराचं चाललं होतं.

नवीपेठ_कीज:
आज रात्री करून बघतो. आळशी म्हणाल्याचं मात्र विसरलो नाही, मालक.

पेटीमास्तर:
लाइट गेली की सांग, पेटी घेऊन येतो.